एका लाइनीवरचे दोन फोन

१

अनीस हबीब शाळेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण मास्तरकी काही अंगातून उतरली नव्हती. सदतीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं की माणसाला वाटायला लागतं, जगातली कुठलीही वस्तू नीट विचारलं तर नीट उत्तर देते. त्यामुळे अत्तारीनच्या जुन्या बाजारातून त्याने तो राउटर आणला, तेव्हा विकणाऱ्याने "चालेल की नाही ते अल्लालाच ठाऊक" असं सांगूनही त्याला काळजी वाटली नाही.

राउटर हवा होता तो एका चुकीपायी. मागच्या महिन्यात सकाळी इंटरनेट लावून तो पेपर वाचत बसला आणि लाइन सोडायला विसरला. घरात फोनची लाइन एकच. इंटरनेट चालू असलं की फोन बंद. तिकडे माँट्रियलमध्ये त्याची मुलगी नेवीन तीन तास फोन लावत होती आणि तिला नुसती व्यस्त घंटा ऐकू येत होती. नेवीनला सातवा महिना लागला होता, मधूनमधून रक्त जात होतं, आणि नवरा रात्रपाळीला. नंतर तिचं पत्र आलं संगणकावर, चारच ओळींचं. ते वाचून अनीसला स्वतःचीच लाज वाटली.

हा राउटर मात्र गुणाचा होता. गरज पडली की आपण होऊन नंबर फिरवायचा, आणि पाच मिनिटं कुणी काही मागितलं नाही की आपण होऊन लाइन सोडायचा. माणसाला नसते ती अक्कल डब्याला असते, असं अनीस वरच्या मजल्यावरच्या बहगतला म्हणाला. बहगत बंदरातल्या कस्टममधून निवृत्त झालेला. त्याचा स्वतःचा फोन दिवसभर बायकोच्या कानाला चिकटलेला असे, म्हणून त्याने भाजी वर ओढून घ्यायच्या टोपलीतून एक केबल आपल्या बाल्कनीतून खाली सोडली होती आणि आता तो फुकटच्या इंटरनेटची वाट बघत होता.

"उस्ताद, आज लागेल का?" तो वरून ओरडायचा.

"लागेल."

"कालही लागणार होतं."

"काल तुझं तोंड मध्ये आलं."

राउटर जुना, त्यामुळे बाहेरच्या मोडेमशी त्याचं जमायचं नाही. जमवायचं तर त्याच्यासाठी एक नवी फाइल उतरवून घ्यायला हवी होती. चार मेगाबाइटची फाइल, त्या लाइनवर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. सोमवारी अकराला अनीसने मोडेम थेट संगणकाला जोडला, नंबर लावला. मोडेम नेहमीसारखा किंचाळला, घरघरला आणि गप्प झाला. फाइल यायला लागली. ती ऐंशी टक्के आली आणि लाइन तुटली.

भिंतीवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पुन्हा लावायला गेला, तर लाइनवर डायल टोनच नव्हता.

२

मंगळवारी तेच. बुधवारी त्याने मुद्दाम दहा मिनिटं उशिरा सुरुवात केली, म्हणजे ऐंशी टक्क्यांवर काय होतं ते कळेल. लाइन चाळीस टक्क्यांवर तुटली. अकरा वीसलाच.

डायल-अप वापरणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत असतं. इंटरनेट चालू असताना घरात दुसऱ्या खोलीत कुणी फोन उचलला की लाइन तुटते. बायको उचलते, सासू उचलते, मग भांडण होतं. पण अनीसच्या घरात भांडायला कुणी उरलं नव्हतं. बायको, सुआद, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तुझ्या लाइनवर दुसरा फोन आहे कुठे?" बहगतने विचारलं. तो केबलची चौकशी करायला खाली आला होता आणि अनीसचे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस म्हणून मिळालेला बिनदुधाचा चहा नाक मुरडत पीत होता.

अनीसने भिंतीकडे बघितलं. "आहे," तो म्हणाला. "फायेझच्या फ्लॅटमध्ये."

फायेझ त्याचा मोठा भाऊ. शेजारचाच फ्लॅट त्याचा. मधे एकच भिंत. अकरा वर्षांपूर्वी तो बायकापोरांसकट सिडनीला गेला, पण जुन्या भाड्याचं घर आपल्याकडे कुणी सोडत नाही. भाडं नाममात्र, आणि एकदा सोडलं की मालक परत देणार नाही. कुलूप लावायचं आणि जायचं. आमची अर्धी इब्राहिमिया वस्ती अशी कुलपात आहे. टेलिफोनची लाइन वडिलांच्या नावावरची. दोन भावांनी ती वाटून घेतली होती. फायेझकडे एक फोन, इकडे एक.

"मग झालं," बहगत म्हणाला. "उंदीर असेल."

"उंदीर रोज अकरा वीसला फोन उचलतो?"

"कस्टममधला असेल. तिथे वेळेवर येणारे तेवढेच होते."

अनीस हसला. पण बहगत गेल्यावर त्याने कप तसाच ठेवला आणि त्या भिंतीला कान लावून बघितला. काही ऐकू आलं नाही, याचं त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याचा मग रागही आला.

३

गुरुवारी त्याने फाइलचा नाद सोडला आणि शाळेत करत असे तसा साधा प्रयोग केला. संगणक बंद, मोडेम काढून ठेवलेला, लाइनवर फक्त त्याचा फोन. अकरा अठराला त्याने रिसीव्हर उचलला. टोन होता. पुन्हा ठेवला. अकरा एकवीसला उचलला.

टोन नव्हता. लाइन मेलीही नव्हती. मेलेल्या लाइनचा आवाज सपाट असतो, आणि हा आवाज खोलीचा होता. पलीकडे जागा होती, भिंती होत्या, आणि त्या जागेत कुणीतरी गप्प राहून ऐकत होतं, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे काय, त्याने स्वतःला विचारलं. वाटण्याला एकक नसतं.

"कोण आहे?" तो म्हणाला.

तेवढ्यात रिसीव्हरमधून भाजीवाल्याची हाक आली. "टोमॅटो घ्या, काकडी घ्या," अगदी खणखणीत, उघड्या खिडकीशी उभं राहून ऐकावी तशी. अनीसने रिसीव्हर कानापासून लांब धरला. त्याच्या खोलीत तीच हाक बंद काचांमागून येत होती, दबलेली. खामसिनचा धुळीचा वारा होता म्हणून सकाळपासून त्याने एकही खिडकी उघडली नव्हती.

फायेझच्या खिडक्या तर अकरा वर्षं बंद होत्या.

तो रिसीव्हर धरून उभा राहिला. पाय दुखायला लागले तरी उभा राहिला. अकरा पंचावन्नला पलीकडे हलकेच काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि टोन परत आला.

४

किल्ली त्याच्याकडेच होती. दरवर्षी ईस्टरच्या आधी एकदा तो शेजारचं दार उघडी, झुरळांची पावडर टाकी, नळ सोडून बघी आणि बाहेर पडे. यंदा ते काम अजून व्हायचं होतं, तेव्हा आज केलं तर त्यात वावगं काहीच नव्हतं. दुपारी एकला, लख्ख उजेडात, त्याने जिन्यावर झोपलेल्या इद्रीसकाकांना हाक मारून विचारलं, "वर कुणी येतं का हो, फायेझच्या घरात?"

इद्रीसकाका तीस वर्षं त्या इमारतीचे दारवान. डोळे न उघडता म्हणाले, "माझ्या अंगावरून गेल्याशिवाय कोण जाणार, उस्ताद? आणि अंगावरून कुणी गेलं तर मला कळतं."

कुलूप सरळ उघडलं. आत नेहमीचा वास होता, जुन्या गाद्यांचा आणि पावडरीचा. पुढच्या खोलीत चादरींनी झाकलेलं सामान. त्याने आधी खिडक्या बघितल्या. लाकडी झडपा लावलेल्या, खिट्ट्या समुद्राच्या हवेने गंजून लाकडात रुतलेल्या. त्याने एक ओढून बघितली. हातोडीशिवाय उघडली नसती.

जेवणाच्या खोलीत सहा खुर्च्या. मागच्या ईस्टरला त्याने स्वतः सहाही उलट्या करून टेबलावर ठेवल्या होत्या, सुआद ठेवायची तशा. त्याने मोजल्या. टेबलावर पाच होत्या. सहावी भिंतीशी होती, सुलटी. भिंतीच्या पलीकडे त्याचा हॉल होता.

खुर्चीच्या शेजारी, भिंतीतल्या खालच्या फळीवर, फोन होता. काळा, जड, वडिलांच्या वेळचा. अनीसने मनातल्या मनात हिशेब मांडला: मी पाचच उचलल्या असतील, सहावी राहून गेली असेल, साठीच्या माणसाचं असं होतं. हे सगळं पटण्यासारखं होतं. मग त्याने रिसीव्हर उचलला.

रिसीव्हर कोमट होता. अर्धा तास कुणीतरी कानाशी धरून बोललं की होतो, तेवढाच.

त्याने पेचकस घेऊन दोन्ही तारा फोनपासून सोडवल्या, टोकं चिकटपट्टीने गुंडाळली, आणि फोन काखेत मारून घरी आणला. काम त्याने व्यवस्थित केलं. फोन त्याने आपल्या कपाटात, कोटांच्या खाली ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली.

५

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं. शुक्रवारी अकराला सुरू केलेली फाइल अकरा चोवीसला पूर्ण उतरली. घड्याळाचा काटा वीसवरून पुढे सरकला तेव्हा अनीसने छातीवर क्रॉस केला आणि आपण असं केलं याचं त्याला हसू आलं. दुपारी राउटरने नवी फाइल पचवली. संध्याकाळपर्यंत नंबर, नाव, परवलीचा शब्द, सगळं भरून झालं. बहगतच्या खोलीत बुद्धिबळाचा पट उघडला आणि समोर फिलिपाइन्समधला कुणी भिडू आला.

"उस्ताद, तुझ्या हाताला सोनं लागो," तो बाल्कनीतून ओरडला. "हा मनुष्य मला हरवतोय, पण वेगाने हरवतोय."

पाच मिनिटं कुणी काही मागितलं नाही की राउटर टक् करून लाइन सोडी. अनीस दर वेळी रिसीव्हर उचलून टोन ऐके. टोन असे. आता नेवीनने कधीही फोन करावा.

रविवारी रात्रीच्या जेवणाआधी त्याने तिला लांबलचक पत्र लिहिलं. आधीचं तिचं पत्र समोर होतं: बाळंतपणाला अलेक्झांड्रियाला येते म्हणत होती. तिथला डॉक्टर विमानात बसू नको म्हणतो, पण तिला एकटं राहायचं नव्हतं. अनीसने लिहिलं, पोरी, डॉक्टरचं ऐक. इथे घरात बाई नाही. तुझी आई असती तर गोष्ट वेगळी. सात महिन्यांचं पोट घेऊन बारा तास हवेत राहायचं, मध्येच काही झालं तर कोण धावून येईल? माझं मन तुझ्यात अडकलंय, तुला बघायला जीव तुटतो, पण येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर रद्द कर.

इथून फोन करायची सोय नव्हती. त्याच्या लाइनवर परदेशी फोन लागत नसे, ती सेवा त्याने कधी घेतलीच नव्हती. परदेशी बोलायचं तर टेलिफोनच्या कचेरीत जाऊन रांग लावायची. म्हणून पत्र.

उत्तर सोमवारी आलं नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी दुपारी त्याने सहज राउटरचं पान उघडलं. नव्या फाइलमुळे राउटर आता लाइन कधी लागली, कधी सुटली आणि का, ते ओळीने लिहून ठेवत असे. सगळ्या ओळींत कारण एकच: पाच मिनिटं शांतता. फक्त शेवटच्या तीन ओळी वेगळ्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. अकरा वीस. कारण: याच लाइनवरचा दुसरा फोन उचलला गेला.

अनीसने कपाट उघडलं. फोन कोटांखाली होता, तारा नसलेला. त्याने घाबरत घाबरत रिसीव्हरला हात लावला. थंड होता. त्यालाही त्याने पुरावा मानला, पण कशाचा ते त्याला सांगता आलं नसतं.

६

तारांत ओल शिरली असेल. समुद्राची हवा, जुनी वायर, दोन टोकं एकमेकांना चिकटली की मोडेमला वाटतं फोन उचलला. हे उत्तर शाळेत त्याने पूर्ण गुण देऊन स्वीकारलं असतं. फक्त ओल रोज अकरा वीसलाच का येते, एवढा एक उपप्रश्न राहत होता.

गुरुवारी सकाळी त्याने फोनवरून तक्रार नोंदवली. लाइन तपासून बघणारा माणूस तरुण आणि कंटाळलेला होता.

"लाइन चांगली आहे, काका. तुमच्याकडे दोन रिसीव्हर आहेत, त्यातला एक रोज कुणीतरी अर्धा तास उचलून बसतं."

"एकच आहे. दुसरा मी काढला."

"मग घरातल्यांना विचारा."

"घरात कुणी नाही."

"मग मी काय करू?" तो म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

अनीसने कोट घातला, ट्राम पकडली आणि टेलिफोनच्या कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिला. नंबर यायला साडेअकरा झाले. तिकडे पहाटेचे साडेचार, झोपेतून उठवावं लागेल पोरीला, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या क्रमांकाच्या बूथमध्ये शिरून त्याने माँट्रियल लावलं.

व्यस्त.

पुन्हा लावलं. व्यस्त. रांगेतल्या बाईने काचेवर अंगठी वाजवली. त्याने आणखी चारदा लावलं. पहाटे साडेचारला नेवीन कुणाशी तरी बोलत होती.

बाराला पाच कमी असताना घंटा गेली. खूप वेळ वाजली आणि कुणी उचलली नाही. "आटपा की आता," बाई म्हणाली, आणि तो बाहेर आला.

तो ट्रामने परत निघाला. त्याने स्वतःला बजावलं की तिच्या नवऱ्याचा फोन असेल. माणूस रात्रपाळीला आहे, बायकोची चौकशी करणारच. घर येईपर्यंत तो हे बजावत राहिला.

७

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, तो चर्चलाही गेला नाही. राउटरची वायर काढून टाकली, बहगतला सांगितलं, "आज फिलिपाइन्स बंद," आणि फोनजवळ बसून राहिला. अकरा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा!" मागे भोंगे, घोषणा, गलका. "मी पॅरिसला आहे. विमान बदलायचंय. रागावू नका."

अनीस उभा राहिला. "पॅरिस? माझं पत्र मिळालं नाही तुला?"

"मिळालं. पण मावशी म्हणाल्या की तुम्ही काळजीपोटी तसं लिहिताय. मनातून तुम्हाला मी यायलाच हवी आहे."

"कोण मावशी?"

"काय बाबा! शेजारच्या. काकांच्या घरात राहायला आल्यात त्या. माझ्यासाठीच ठेवलंत ना तुम्ही त्यांना? रोज पहाटे फोन करतात बिचाऱ्या. मी जागीच असते, त्यांना कसं कळतं कुणास ठाऊक. त्यांच्याशी बोललं की मला झोप लागते."

अनीसला खूप काही विचारायचं होतं. पण वेळ थोडा आहे एवढं त्याला कळलं, आणि आयुष्यभर वर्गात वापरला तो आवाज त्याने काढला, सावकाश आणि ठाम. "नेवीन, ऐक. शेजारी कुणी नाही. फायेझच्या घराला कुलूप आहे. या फोनवरून कॅनडाला फोन लागतच नाही. तुला रक्त जातंय का?"

"थोडं. विमानात सुरू झालं. मावशी म्हणाल्या होत्या होईल म्हणून."

"पुढच्या विमानात बसू नकोस. तिथेच कुणाला तरी सांग. डॉक्टर असतो विमानतळावर. आत्ता, फोन ठेवल्याबरोबर. मी तुझ्याकडे येतो, काय वाटेल ते करून येतो. ऐकतेस ना?"

"बाबा..." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "खरंच कुणी नाही तिथे?"

"कुणी नाही, पोरी. शपथ घेतो. डॉक्टरकडे जा."

"बरं," ती म्हणाली. ती रडत होती. "बरं बाबा. जाते. मला पण भीतीच वाटत होती."

अनीसने डोळे मिटले. त्याला इतकं हलकं वाटलं की भिंतीला टेकावं लागलं. आणि टेकला तेव्हा लाइनवर हलकासा खट् आवाज झाला. मागचा विमानतळाचा गलका क्षणभर दबला आणि पुन्हा मोकळा झाला.

"हॅलो?" नेवीन म्हणाली. "बाबा, आवाज गेला तुमचा."

"आहे मी. इथेच आहे."

"हॅलो? बाबा?"

"नेवीन, मी बोलतोय!"

"हां," ती म्हणाली. "हां, आता आला. किती स्वच्छ येतोय आता."

अनीस बोलायचा थांबला. त्याने श्वासही घेतला नाही. रिसीव्हरमध्ये त्याला फक्त मुलीचा आवाज येत होता, आणि तिच्या दोन वाक्यांच्या मधे शांतता.

"हो... नाही, अजून नाही गेले... काय? पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात, डॉक्टरकडे जा." शांतता. मग ती चक्क हसली, नाक ओढत. "घाबरवलंत ना मला. असं कुणी करतं का, बाबा?"

"मी नाही तो!" अनीस ओरडला. "नेवीन, मी नाही!" वर बहगतच्या बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"हो, बसते... हो, पाय वर घेऊन बसेन. मावशी आहेत ना जवळ? त्यांना सांगा, मी रात्री पोचते." तिने नाक पुसलं. "बरं वाटलं तुमच्याच तोंडून ऐकून. पत्र वाचून वाटलं होतं, मी नकोशी झाले तुम्हाला."

अनीस तिचं नाव घेत राहिला. घसा फाटला तरी घेत राहिला. दारावर बहगत थापा मारत होता, काय झालं म्हणून विचारत होता. रिसीव्हरमध्ये कुणीतरी फ्रेंचमध्ये विमानाची घोषणा केली.

"चला, रांग सुरू झाली," नेवीन म्हणाली. "ठेवते, बाबा."

तिने फोन ठेवला. लाइनवर टोन आला नाही. अनीस रिसीव्हर कानाशी धरून उभा होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी सावकाश उठलं, आणि एकेक करून टेबलावरच्या खुर्च्या खाली घ्यायला लागलं.